गवत, लाख आणि अवयवी

संमिश्र पदार्थात किमान दोन द्रव्ये एकत्र आलेली असतात, पण एकमेकांत विरघळून गेलेली नसतात. त्यांतले एक बहुधा तंतुरूप असते आणि ओढ सोसते. दुसरे त्या तंतूंभोवती भरलेले असते. ते तंतूंना जागचे हलू देत नाही आणि बाहेरून आलेला भार एका तंतूकडून दुसऱ्याकडे पोचवते. पहिल्याला प्रबलन-तंतू म्हणतात, दुसऱ्याला आधारद्रव्य. होडीचे कवच, पवनचक्कीचे पाते, विमानाचा पंख यांत काचेचे किंवा कार्बनचे तंतू राळेत बसवलेले असतात. वर्धा जिल्ह्यातल्या जुन्या घराची कुडाची भिंत याच जातीची आहे. तुराट्या, पऱ्हाट्या किंवा बांबूच्या कामट्या उभ्या-आडव्या गुंफायच्या आणि दोन्ही अंगांनी कुटार, म्हणजे भुसा, घातलेला गारा थापायचा, एवढीच तिची कृती. ही भिंत वाऱ्यापावसात टिकते, तेव्हा टिकते कोण? कामट्या, माती, की या दोहोंहून वेगळी ‘भिंत’ नावाची तिसरी वस्तू? अभियंत्याला हा आकडेमोडीचा प्रश्न वाटेल. भारतीय दर्शनांत त्याच्यावर हजार वर्षांहून अधिक काळ वाद चालला, आणि त्या वादातला ठरलेला दाखला तंतू आणि पट, म्हणजे धागा आणि कापड, हाच होता.

न्याय-वैशेषिकांचे म्हणणे असे की कापड हे धाग्यांहून वेगळे, नव्याने उत्पन्न झालेले द्रव्य आहे. धागे हे अवयव, कापड हा अवयवी, आणि अवयवी आपल्या अवयवांत समवाय नावाच्या न तुटणाऱ्या संबंधाने राहतो. विणण्यापूर्वी कापड कुठेही नव्हते. सांख्यांना हे पटत नाही. त्यांच्या मते कापड धाग्यांत आधीपासून अव्यक्त रूपाने होतेच. विणकराने ते उघड केले. वाचस्पतिमिश्रांनी सांख्यकारिकेवरच्या टीकेत यासाठी तराजू पुढे केला आहे. कापड खरोखर नवे द्रव्य असते, तर त्याचे वजन धाग्यांच्या वजनात भर घालून दिसले असते; तसे दिसत नाही. बौद्धांनी तर अवयवीलाच नकार दिला. मिलिंदपञ्हातल्या नागसेनाचा रथ सर्वांना ठाऊक आहे: चाक, आस, दांडी बाजूला काढल्यावर रथ म्हणून काही उरत नाही. पुढे पंडित अशोक या बौद्ध आचार्याने ‘अवयविनिराकरण’ नावाचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. बौद्धांची एक कोटी मोठी बोचरी आहे. कापडाचा अर्धा भाग रंगात बुडवला, तर ‘एक’ म्हणवणारे ते कापड रंगीत की बिनरंगी?

या साऱ्या खटल्यात धागा साक्षीदार म्हणून उभा केला गेला, पण धाग्याची स्वतःची तपासणी फारशी कुणी केली नाही. ती केली, तर खटल्याचे स्वरूप बदलते.

मुळात तंतूच का लागतात, इथून सुरुवात करावी लागते. काचेची जाड कांब हाताने मोडते. त्याच काचेचा केसाहून बारीक तंतू ओढला तर तो पोलादाच्या तारेशी बरोबरी करतो. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२० च्या सुमारास काचेच्या कांड्या आणि तंतू ताणून पाहिले. जाडी कमी होत गेली तसतशी ताकद वाढत गेली. त्याचे स्पष्टीकरण आजही ग्राह्य आहे: घन पदार्थ तुटतो तो त्यातल्या सर्वांत मोठ्या फटीपासून, आणि बारीक तंतूत मोठी फट मावतच नाही. तेव्हा तंतूचे बळ काही अंशी त्याच्या द्रव्याचे असते आणि काही अंशी दोष नसण्याचे. अभावालाही स्वतंत्र पदार्थ मानणाऱ्या वैशेषिकांना हे स्पष्टीकरण जवळचे वाटले असते.

नेहमीच्या काचतंतूची घनता घन सेंटिमीटरला सुमारे २.५ ग्रॅम, ताठरपणा सुमारे ७२ गिगापास्कल आणि ताजा असताना ताणबळ तीन गिगापास्कलच्या वर असते. कार्बनतंतू १.८ ग्रॅमचा, पण त्याचा ताठरपणा २३० किंवा त्याहूनही पुष्कळ जास्त. पोलादाचा ताठरपणा २०० च्या आसपास, घनता मात्र ७.८; वजनाच्या हिशेबात कार्बन कितीतरी पुढे जातो तो यामुळे. केव्हलार हा १९६५ साली स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून आलेला तंतू १.४४ ग्रॅमचा. तो ओढीला बळकट आहे, पण दाबाला कच्चा. दाबला की आतल्या आत मुडपतो. यादी आणखी लांबवता येईल, पण इथे एवढे पुरे.

वर्ध्याचा तंतू कापसाचा. जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात परदेशी बाजारातही गावाच्या नावाने ओळखला जाई. कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच लांबट पेशी, आणि तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग निव्वळ सेल्युलोज. त्याचा ताठरपणा मात्र अवघा ५ ते १२ गिगापास्कल. विदर्भात तेलासाठी पेरल्या जाणाऱ्या जवसाचीच उंच वाढणारी वाणे युरोपात धाग्यासाठी लावतात. त्या झाडाच्या सालीतला तंतूही सेल्युलोजचाच, पण त्याचा ताठरपणा ५० ते ७० पर्यंत जातो. द्रव्य तेच असून एवढे अंतर पडते, कारण जवसाच्या तंतूत सेल्युलोजचे सूक्ष्म धागे जवळजवळ उभे, तंतूच्या दिशेने असतात. कापसात ते मळसूत्रासारखे तिरके फिरतात आणि मध्येच फिरण्याची दिशाही बदलतात. ओढ लागली की तिरका धागा आधी सरळ होऊ पाहतो आणि मगच खरा ताण घेतो. म्हणजे ज्याला ‘अवयव’ म्हणून वादात हाती धरले, तो स्वतःच एक रचना निघाला. नैयायिकांना याची जाणीव होती. त्यांच्या ग्रंथांत धाग्याच्याही आधी ‘अंशु’ येतो, म्हणजे ज्यांचा धागा पिळला जातो ते तंतू.

अंशूचा धागा कसा होतो, हे वर्ध्यात शाळकरी मुलांनाही हाताने कळत असे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम ही गांधींची शिक्षणयोजना पुढे आली आणि टकळी वर्गात आली. त्याच्या कितीतरी आधीपासून विनोबा इथे सूतकताईचा अभ्यास एखाद्या शास्त्रासारखा करत होते. पेळूतून निघणारा एकेक तंतू दोन-तीन सेंटिमीटरचा. सूत मात्र मैलोगणती निघते. त्यात टोकापासून टोकापर्यंत जाणारा एकही तंतू नसतो. पीळ दिल्याने शेजारचे तंतू एकमेकांवर दाबले जातात, घर्षण वाढते आणि ओढ एकाकडून दुसऱ्याकडे जाते. पीळ कमी पडला तर सूत तुटत नाही, सुटते. तंतू शाबूत राहून नुसते घसरतात. पीळ फार झाला तर तंतू इतके तिरके होतात की सुताचा कस पुन्हा उतरतो. मध्ये कुठेतरी एक जागा असते, आणि ती सापडेपर्यंत कातणाऱ्याची बरीच पुंजी वाया जाते. लुडविग विट्गेनश्टाइन या तत्त्वज्ञाने हेच सूत दाखल्याला घेतले. एका शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या सगळ्या वस्तूंत एक समान धर्म असलाच पाहिजे असे नाही, हे त्याला सांगायचे होते. दोऱ्याची मजबुती एखाद्या अखंड तंतूवर नव्हे, तर अनेक तंतूंच्या एकमेकांवर येण्यावर असते, असा त्याचा दाखला. दाखला बरोबर आहे. पण तंतू नुसते एकमेकांवर येऊन भागत नाही; दाबही लागतो, आणि तो पिळातून येतो. पीळ हा कोणत्याही एका तंतूचा गुण नाही.

राळेतल्या आखूड तंतूंचा हिशेब याच चालीचा आहे. ओढ तंतूच्या टोकात शिरत नाही. ती त्याच्या अंगावरून, राळ आणि तंतू यांच्या सीमेवरच्या घसटीतून आत जाते. त्यामुळे प्रत्येक जोडीला एक किमान लांबी असते. तिच्याहून आखूड तंतू कितीही बळकट असला तरी तुटण्याआधीच राळेतून उपटून येतो, आणि त्याचे बळ न वापरलेलेच राहते. पकड घट्ट असेल तर ही लांबी कमी, पकड सैल असेल तर जास्त. तंतूकडे बळ किती आहे हे त्याच्यावर अवलंबून. पण त्यातले कामाला किती येईल, हे नात्यावर ठरते.

न्यायदर्शनातला या विषयाचा सर्वांत रोचक उतारा इथे उपयोगी पडतो. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अवयवी सिद्ध करताना गौतमांनी धारण आणि आकर्षण यांचा दाखला दिला आहे: वस्तूचा एक भाग धरून ओढला की सगळी वस्तू येते, म्हणून ती ‘एक’ आहे. आजच्या प्रयोगशाळेतली ताण-चाचणी यापेक्षा वेगळे काही करत नाही. नमुन्याचे एक टोक चिमट्यात धरायचे आणि दुसरे ओढायचे. पण भाष्यकार वात्स्यायनांनी या युक्तीतली फट दाखवून दिली. धरणे-ओढणे शक्य होते ते अवयवीमुळे नव्हे, तर ‘संग्रह’ नावाच्या वेगळ्या गुणामुळे. कच्च्या मडक्यात तो पाण्याच्या संयोगाने येतो, भाजलेल्यात अग्नीच्या. अवयवी हे कारण असते, तर धुळीचा ढीगही एका बाजूने ओढून सगळा आला असता. आणि नवे द्रव्य तयार झाल्याशिवाय ओढता येत नसते, तर लाखेने चिकटवलेले गवत, दगड आणि लाकूड एकत्र ओढले गेले नसते.

लाखेने चिकटवलेले गवत! लाख ही नैसर्गिक राळ आणि गवत हा तंतू. इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धात, अवयवीच्या वादात नेमका संमिश्र पदार्थच प्रतिदाखला म्हणून आला आहे. पुढचे नैयायिक उद्द्योतकर यांनी वार्तिकात सूत्राची बाजू सावरून धरली. तरी वात्स्यायनांचा मुद्दा पुसला जात नाही: धागा आणि कापड यांच्या भांडणात तिसरा पक्षकार आहे, आणि तो म्हणजे जोड.

आता आधुनिक मोजमाप घ्यावे. राळेचा ताठरपणा ३ गिगापास्कल, काचतंतूचा ७२, आणि पदार्थात तंतूचा वाटा साठ टक्के आहे असे धरू. तंतूंच्या दिशेने ओढले तर पदार्थाचा ताठरपणा येतो ७२ च्या साठ टक्के अधिक ३ चे चाळीस टक्के, म्हणजे सुमारे ४४. प्रयोगात आकडा याच्या अगदी जवळ येतो. वजनाचेही तसेच: आत हवेचे बुडबुडे राहिले नसतील, तर घटकांच्या घनतेवरून मिश्रणाची घनता सरळ बेरजेने निघते. इथे वाचस्पतींचा तराजू बरोबर ठरतो. कार्यात असे काहीही नाही जे कारणात आधी नव्हते. तंतूंना आडवे ओढले तर मात्र तोच पदार्थ ७ ते १० वर घसरतो, कारण मग सगळा ताण राळेतून जातो. घटक तेच आणि तितकेच असून केवळ दिशा बदलल्याने वस्तूचे वागणे चार-सहा पटींनी बदलते. अर्ध्या रंगवलेल्या कापडाची अडचण इथे वेगळ्या रूपात परत येते: एकच वस्तू एकाच वेळी ताठही आहे आणि लवचीकही. अभियंता तिच्यापुढे अडत नाही, कारण ताठरपणा वस्तूत असतो असे तो म्हणतच नाही. अमुक दिशेला असतो असे म्हणतो.

चिवटपणाची गोष्ट निराळी आहे. काचेत तडा पुढे सरकायला चौरस मीटरमागे सुमारे १० जूल ऊर्जा पुरते. साध्या कडक राळेला शंभर-दोनशे लागतात. दोन्ही ठिसूळच. बेरीज किंवा सरासरी काहीही काढले तरी उत्तर दोनशेच्या आसपासच यायला हवे. पण काचतंतू राळेत बसवले की तडा जायला दहा हजार जूल आणि त्याहून अधिक लागतात. हा चिवटपणा तंतूत नव्हता, राळेत नव्हता, आणि दोघांच्या बेरजेतही नव्हता. सांख्यांचा हिशेब इथे बंद पडतो आणि नैयायिकांचा सुरू होतो.

तरी त्याचे कारण गूढ नाही. जे. कुक आणि जे. ई. गॉर्डन यांनी १९६४ मध्ये ते मांडले. तडा तंतूपाशी पोचण्याच्या थोडे आधी त्याच्या टोकाशी असलेला ताण राळ-तंतूची सीमा उसवतो. सीमा पुरेशी दुबळी असेल तर तडा त्या उसवलेल्या जागेत शिरतो, आडवा वळतो आणि बोथट होतो. पुढे जायचे तर त्याला प्रत्येक तंतू तोडून राळेतून खेचून काढावा लागतो, आणि त्या घसटीत ऊर्जा खर्च होते. सीमा फार घट्ट असेल, तर तडा तंतूला तंतू म्हणून ओळखतच नाही. राळ आणि काच यांतून सरळ आरपार जातो आणि पदार्थ ताटलीसारखा फुटतो. म्हणजे चिवटपणा येतो तो जोड काही प्रमाणात कच्ची असल्यामुळे. हा निष्कर्ष पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटा वाटतो, पण बांबू चिरणाऱ्या बुरडाला तो नवा नाही. बांबू उभा सहज फाटतो आणि आडवा तुटता तुटत नाही, या त्याच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या नाहीत.

मातीच्या भिंतीतले कुटार असेच काम करते. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून विदर्भात शेत काळीत आणि वस्ती पांढरीत, आणि भिंतीलाही पांढरी मातीच. तीही वाळताना आकसते. कुटाराच्या काड्या आकसण्याचा ताण वाटून घेतात, त्यामुळे एका मोठ्या भेगेऐवजी असंख्य बारीक भेगा पडतात आणि त्या काड्यांपाशी थांबतात. शेणात न पचलेले बारीक तंतू असतात आणि चिकटपणाही असतो, म्हणून सारवणात ते दुहेरी कामाला येते.

जोडीतल्या या चिकटपणाला वैशेषिकांनी दिलेले नाव ‘स्नेह’. पाण्याचा विशेष गुण म्हणून त्यांनी तो सांगितला; पिठाचा गोळा होतो तो त्याच्यामुळे. मराठीत याच शब्दाने तेलही ओळखले जाते आणि जिव्हाळाही. काचतंतूंच्या कारखान्यात तंतू ओढल्याबरोबर त्यावर एक पातळ लेप चढवतात. विणकर सुताला खळ देतो तशीच ही खळ, आणि इंग्रजी धंदेवाईक शब्दही तिथूनच आला आहे. तिच्यातल्या सिलेन रेणूंचे एक टोक काचेला धरते आणि दुसरे राळेला.

इथे शंकराचार्यांची एक जुनी हरकत आठवते. ब्रह्मसूत्रभाष्यात त्यांनी वैशेषिकांना विचारले आहे: अवयव आणि अवयवी यांना जोडायला समवाय लागतो, तर समवायाला त्या दोघांशी जोडायला काय लागते? आणखी एक समवाय मानला तर त्यालाही जोड हवी, आणि मग शेवट नाही. नैयायिक उत्तर देतात की समवाय स्वतःच स्वतःला जोडून घेतो. त्याला वेगळा दुवा लागत नाही. संमिश्रांच्या अभ्यासात हा प्रश्न हुबेहूब आला. आधी तंतू आणि राळ यांच्यामध्ये नुसती एक सीमा मानत. मग दिसले की तिथे स्वतःची जाडी आणि स्वतःचे गुण असलेला एक थर आहे. थर म्हटला की त्याला दोन बाजू आल्या आणि दोन नव्या सीमा आल्या. ही माळ प्रत्यक्षात अनंत होत नाही, कारण अखेरीस अणू-अणूंमधले बंध येतात आणि त्यांच्यामध्ये आणखी काही भरायला जागा उरत नाही. हे उत्तर नैयायिकांच्या उत्तरासारखेच ऐकू येते, पण त्याला एक आधार अधिक आहे: तो बंध तोडायला किती ऊर्जा लागते, हे मोजता येते.

मोजण्याने वादातला आणखी एक भेद तपासता येतो. संयोग म्हणजे सुटू शकणारा संबंध, समवाय म्हणजे न सुटणारा. सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीच्या पठारावरून दिसणाऱ्या पवनचक्क्यांची पाती काचतंतू आणि घट्ट झालेल्या राळेची असतात. त्यांचे आयुष्य साधारण वीस-पंचवीस वर्षे. ती राळ एकदा बांधली गेली की तापवून वितळत नाही. जाळली तर काच मागे उरते, पण त्या उष्णतेने तंतूची बरीचशी ताकद जाते. जो तंतू आत गेला तो बाहेर येत नाही. अशी पाती जगभर पुरली जातात किंवा सिमेंटच्या भट्टीत घातली जातात. बांधताना संयोग होता तो राळ घट्ट होताच जवळजवळ समवाय झाला, असे म्हणावे लागेल. मातीच्या भिंतीत मात्र तो अखेरपर्यंत संयोगच राहतो: पाणी घातले की माती सुटते, कामट्या वेगळ्या होतात आणि तोच गारा पुन्हा तुडवता येतो. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने माती आणि बांबूच्या बांधकामावर काम केले ते या सोयीसाठीही. तिची किंमतही आहेच. पाऊस आणि उधई यांना हा सैल संबंध आयताच सापडतो.

सेवाग्रामला, तेव्हाच्या शेगावला, १९३६ मध्ये आश्रमाची पहिली वास्तू, आदी निवास, बांधली गेली. गांधींच्या शिष्या मीराबेन यांच्यासाठी उभारलेल्या झोपडीत पुढे गांधी राहायला गेले आणि ती बापू कुटी झाली. माती, बांबू, लाकूड आणि वर कवेलू, असे सगळे साहित्य जवळपासचे. आतल्या भिंतीवर मीराबेन यांनी मातीतच उठावाची ताडाची झाडे काढली. अशा भिंतींना लिंपण वरचेवर लागते, कुजलेल्या कामट्या बदलाव्या लागतात. नैयायिकांच्या शास्त्रात यासाठीही तरतूद आहे. कापडातला एक धागा काढला की जुने ‘महापट’ नष्ट होते आणि त्या जागी ‘खंडपट’ हे दुसरेच द्रव्य उत्पन्न होते. ‘हे तेच कापड’ ही ओळख खरी तर सारखेपणावरून येते, दिव्याच्या ज्योतीसारखी. या हिशेबाने दर लिंपणाला भिंत नवी. बौद्धांच्या हिशेबाने ती भिंत आधीही नव्हती, कामट्या आणि माती होती. सांख्यांच्या हिशेबाने पांढरीतली माती तीच आहे, तिचा आकार तेवढा पुन्हा उघड केला आहे. लिंपण करणारा यांपैकी कोणाच्याही बाजूने असो, त्याला गाऱ्यात कुटार किती घालायचे हे ठरवावे लागते: कमी पडले तर भेगा, जास्त झाले तर माती काड्यांना धरत नाही.